रिकाम्या गावाला वेढा

४ सप्टेंबर

जावईबापू, म्हणजे सध्याचे कर्नलसाहेब,

तुमची पलटण घाटात कापली गेली याचं सासरा म्हणून दुःख आहे आणि डोंगरचा सरदार म्हणून अतोनात आनंद आहे. फासे मी टाकले. साक्षीला तुमच्या सासूबाई बसवल्या होत्या. त्या शेंगा सोलत होत्या, पण प्रत्येक आकडा त्यांनी मोठ्याने वाचला, तेव्हा लबाडीचा संशय नको. तुमचे बेचाळीस शिपाई, दोन तोफा आणि झाडून सगळी खेचरं गेली. माझे गेले सात.

आता चूक सांगतो. तुम्ही नकाशावर वाट बघितलीत, वाटेच्या दोन्ही अंगांचे डोंगर बघितले नाहीत. साहेबाची फौज खऱ्या डोंगरातही अशीच मरायची. कवायत चोख, बंदुका लांब पल्ल्याच्या आणि नजर नाकासमोर. आम्ही डोंगरातले लोक पुढची तुकडी मुकाट्याने जाऊ देतो. खेचरं अरुंद जागी आली की वरून दगड सोडतो. दारूगोळा खेचरांच्या पाठीवर, तेव्हा खेचरं गेली की तुमच्या बंदुकांच्या झाल्या काठ्या. उपाय एकच, आधी माथे धरायचे. दोन्ही कड्यांवर माणसं चढवा. वर पोचल्याची खूण मिळेपर्यंत खाली एक पाऊल टाकू नका. आणि माघार घेताना सगळे एकदम पाठ फिरवू नका, निम्मे पळतील तेव्हा निम्मे गोळ्या झाडतील, मग उलट.

नवे शिशाचे शिपाई ओततोय. जन्मभर दवाखान्यांसाठी लोकांच्या दातांचे साचे केले, आता त्याच प्लास्टरातून पलटणी निघतात. रंग तुम्ही द्या. तुमच्यासारख्या चष्मेवाल्याकडे हातही असतो आणि भिंगही.

एक तक्रार. मोहिमेचं पत्र म्हणजे मोहिमेचं पत्र. मागच्या वेळी तोफा ओढ्यापाशी लावल्यात, आणि त्याच ओळीत न्हाणीतला नळ गळतो, दुकानात गर्दी आहे, बायको म्हणते काही बोलायचंय, असा सगळा पाला. तो चाळता चाळता तुमच्या तोफा कुठे आहेत हेच मला कळेना. यापुढे घरगुती बातम्या बंद. त्या मायलेकी एकमेकींना लिहितातच. लेकीचं पत्र आलं की ही वाचते, मला "बरी आहे" सांगते, आणि विषय संपतो.

लग्नानंतर दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर तोंड उघडलं नव्हतंत. आज पानंच्या पानं लिहिता. हे शिशाच्या शिपायांनी केलं, विसरू नका.

तुमचा शत्रू,
सरदार

२२ सप्टेंबर

सरदारसाहेब,

हुकूम शिरसावंद्य. या पत्रात पाला नाही.

शिपाई मिळाले. कोटाला विटकरी रंग दिला, पट्ट्यांना पांढरा. डोळे काढायचा मोह आवरला नाही. भिंगाखाली सुईच्या टोकाने ठिपका द्यावा लागतो, पण मग प्रत्येकजण आपल्याकडे बघतो.

माझी चाल सोबतच्या नकाशावर आहे. डावा कडा एका तुकडीने पहाटेच धरला, उजवा दुसरीने. दोन्हीकडून खूण मिळाल्यावर खेचरं हलवली. तोफा मध्ये, पाणी मागे. ओढा ओलांडायच्या जागी सगळी फौज चौकोन करून उभी राहील, चारी बाजूंना संगिनी आणि आत जनावरं. तुम्ही कुठूनही आलात तरी तोंडासमोरच याल.

घरात सोमवारपासून शांतता आहे. त्याबद्दल तुमच्या नियमाप्रमाणे मी एक अक्षर लिहीत नाही, आणि तुम्हीही लिहू नये अशी विनंती. तुमच्या आणि आईंच्या समजूतदारपणावर माझा भरवसा आहे. डाव मात्र मोडायचा नाही. संध्याकाळी दुकान बंद करून आलो की आता वेळच वेळ असतो, आणि टेबलही पूर्ण मोकळं मिळतं.

आपला,
कर्नल

५ ऑक्टोबर

कर्नलसाहेब,

शाबास! खरंच शाबास. माझे एकोणीस गडी गेले आणि तुमच्या चौकोनाला ओरखडासुद्धा नाही. तीनदा चाल केली, तिन्ही वेळा फासे चांगले पडले, तरी संगिनींपुढे काही चालेना. एका महिन्यात तुमचा खेळ किती सुधारला! मन एका जागी लागलं की असं होतं. घरी शांतता आहे म्हणता ते उत्तमच. सेनापतीला शांतता लागतेच.

तुमच्या सासूबाईंनी परवा विचारलं, "जावई कसे आहेत?" मी म्हटलं, "जोरात आहेत. माझा धुव्वा उडवला." तर म्हणतात, "कमाल आहे हो त्या माणसाची. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही." त्यांना लढाईतलं कळायला लागलंय असं दिसतं.

आता माझं एकच ठाणं राहिलंय, खोऱ्याच्या डोक्यावरचं गाव. ते पडलं की मोहीम तुमची. सोबत बंद लिफाफा आहे. गावात शिरलात तरच फोडायचा, आधी नाही. चष्मेवाल्याच्या सचोटीवर सोडतो.

सरदार

२४ ऑक्टोबर

सरदारसाहेब,

हरलो म्हणू की जिंकलो, तुम्हीच सांगा.

गावाला तिन्ही बाजूंनी वेढा घातला. चौथ्या बाजूला कडा. तोफा टेकाडावर चढवायला चार चाली गेल्या, पण घाई केली नाही. गावातून धूर दिसतोय असं तुम्ही मधल्या कार्डात कळवलं होतंत, म्हणून धरून चाललो की तुमची ऐंशी माणसं आत आहेत. तोफांनी तटबंदी पाडली, मग घराघरातून शिरलो, कोपऱ्यावर आधी दोन माणसं, मग बाकीचे. सगळं तुम्ही शिकवलंत तसं. मग लिफाफा फोडला. "गावात कोणी नाही. चुली पेटत्या ठेवून सगळे कधीच गेले. तुमचा दारूगोळा किती उरला?"

उरला नाही, सरदारसाहेब. मी टेबलापाशी बसून एकटाच हसलो. रिकाम्या गावाला इतके दिवस वेढा घालून बसलो होतो!

आता एक नियम मोडतो, माफ करा. तिचा लोकरीचा कोट इथे कपाटातच राहिलाय. तुमच्याकडे थंडी आमच्या आधी पडते. तुम्ही दोघांनी इतके दिवस तिला सांभाळलंत आणि मला एका शब्दाने टोचलं नाहीत, हे मी विसरणार नाही. रागावून माहेरी आलेल्या मुलीच्या बापाने जावयाशी खेळ चालू ठेवायचा, याला मोठं मन लागतं. कोट पार्सलने पाठवू, की ती स्वतः घ्यायला येईल? येणार असेल तर डाव थोडे दिवस थांबवू.

तुमचा,
जावई

२८ ऑक्टोबर

जावईबापू,

माझ्या दोन्ही तारा मिळाल्या असतील. "ती येथे नाही" आणि नंतरची "सुखरूप आहे, पत्र येते." दोन्हींच्या मध्ये तुमचं काय झालं असेल याचा विचार करवत नाही.

तुमचं पत्र शेगडीपाशी उभ्याने वाचत होतो. रिकाम्या गावाचं वाचून मीही हसलो. मग कोटावर आलो. मला वाटलं हिचा कोट. हिचा तर खुंटीवर आहे. वाक्य परत वाचलं, मग पुढचं वाचलं, आणि हातातली पळी सुटली. शिसं फरशीवर सांडलं ते अजून तिथेच आहे. पायात घरातल्या सपाता, तसाच तारऑफिसात गेलो. तिथल्या माणसाने मजकूर विचारला. तीन शब्द लिहून दिले.

परत आलो तर ही दारात.

"कुणाला तार केलीत?"

"लेक नाहीशी झाली गं. जावई म्हणतात ती आपल्याकडे आहे. सव्वा महिना!"

"नाहीशी कशाला होईल? धरणावर आहे ती."

"कुठल्या धरणावर?"

"अहो, जिथे नोकरीला लागलीय त्या धरणावर."

"कोण लागलंय नोकरीला?"

ती ओरडली नाही. खुर्ची ओढून बसली. माझ्या तोंडाकडे बघत अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला मी सांगितलं होतं. तिचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही ओतकाम करत होतात. 'छान, छान,' म्हणालात, 'ती खिडकी लाव आधी, शिसं निवतंय.'"

मला आठवत नाही. जावईबापू, शपथेवर सांगतो, एक शब्द आठवत नाही. घाटातल्या लढाईचा एकेक फासा आठवतो.

आता पुढचं हीच लिहिते. लेखणी हिच्या हातात देतो.

जावईबापू, मी सहसा तुम्हाला लिहीत नाही, अक्षर वाईट आहे म्हणून. आज लिहिते.

तुम्हा दोघांना ठाऊक नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. मी समजत होते सगळं तुमच्या संमतीने चाललंय. तिने लिहिलं होतं, "मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, ये जाऊन." मला केवढा आनंद झाला! शेजारणीला सांगितलं, आमचे जावई बघ, बायको शिकलेली आहे, तिला हवं ते काम मिळालं, तर एका शब्दाने अडवलं नाही, स्वतः एकटे राहतात आणि वर ह्यांच्याशी खेळायला वेळ काढतात. मी इथे तुमचे गोडवे गात होते आणि तुमच्या गावीही नव्हतं.

ती रागावून गेलेली नाही. लग्नाआधी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती, तेच काम तिला धरणावर मिळालं. खोली घेऊन राहते. दर पत्रात विचारते, "त्यांचं काही पत्र आलं का तुमच्याकडे?" मी लिहीत होते, "येतात की, बाबांना येतात." मला काय माहीत, त्यातून तिला काय वाटत असेल ते.

पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. कोट पाठवा. पण आधी पत्र पाठवा. ह्यांना मी सध्या काही बोलू देत नाही.

३ नोव्हेंबर

सुरुवात कशी करावी कळत नाही, म्हणून सरळ लिहितो.

तुझ्या बाबांची पहिली तार दुकानात आली. समोर एक गिऱ्हाईक होतं, अक्षरांच्या फळ्याकडे बघत. त्याला तसंच सोडून निघालो. आधी इस्पितळात गेलो, मग पोलीस चौकीत. हवालदार भला माणूस होता. त्याने वही काढली. "कधीपासून नाहीत?" मी सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. "आणि आज येताय?" मग म्हणाला, "जाताना अंगावर काय होतं?" मला सांगता आलं नाही. "कुठे जाते म्हणाल्या?" सांगता आलं नाही. "शेवटचं काय बोलल्या?" मी तिथल्या बाकावर बसलो. मला आठवत होतं ते एवढंच, की त्या संध्याकाळी उजव्या कड्यावर किती शिपाई चढवायचे ते ठरत नव्हतं.

दुसरी तार आली तेव्हा मी नदीच्या पुलावर होतो. दुकानातला पोऱ्या शोधत आला.

तू बॅग भरत होतीस ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, माहेरी निघालीस. काहीतरी रागावली असशील, बाबा समजूत घालतील. तू "जाते" म्हणालीस तेव्हा मी "ये जाऊन" म्हटलं असेन. कुठे, ते मी विचारलं नाही.

कोट पाठवतोय. कशाचीही मागणी नाही. तू रागावून का होईना, लिही.

९ नोव्हेंबर

अहो,

कोट मिळाला. इथे वारा सुटलाय, बरं झालं पाठवलात.

तुमचं पत्र मी उभ्याने वाचायला घेतलं आणि जमिनीवर बसून संपवलं. मला वाटत होतं तुम्ही रागावला आहात. मी इथे आल्यापासून रोज तुमच्याशी भांडत होते. सकाळी पाण्याचे नमुने घ्यायला जाते, तिथून प्रयोगशाळेपर्यंत चढ आहे, त्या चढावर तुम्ही मला म्हणायचात, संसार सोडून जायला लाज नाही वाटली? मी उत्तर द्यायचे. एकदा तर इतकी छान उत्तरं सुचली की परत जाऊन तुम्हाला ऐकवावीत असं वाटलं. आता कळतंय, समोर कोणीच नव्हतं. तुम्हाला राग यायला आधी ऐकू तर यायला हवं होतं. मारहाण नाही, दारू नाही, वाईट शब्द नाही, तेव्हा तक्रार कुठे करणार होते मी?

त्या संध्याकाळी काय झालं ते सांगते, तुम्हाला आठवत नाही म्हणून. टेबलावर नकाशा होता, त्यामुळे आपण नेहमीसारखं ओट्यापाशी उभ्याने जेवलो. मी म्हटलं, "मला काही बोलायचंय." तुम्ही म्हणालात, "बोल ना." जेवण होताच तुमचा हात नकाशावर गेला होता. मी म्हटलं, "मला धरणावर काम मिळालंय. राहायला तिथेच जावं लागेल. तुम्ही नको म्हणालात तर मी विचार करीन." तुम्ही म्हणालात, "हं." मी थांबले. खूप वेळ थांबले. मग म्हटलं, "सोमवारी जाते." तुम्ही हसून वर बघितलंत, किती गोड हसलात, आणि म्हणालात, "ये जाऊन."

मी तुमच्या नको म्हणण्याची वाट बघत होते, हो. हे आईलाही सांगितलेलं नाही.

आता काम सोडणार नाही. तीन वर्षांची नेमणूक आहे आणि मला ते आवडतं. तुम्ही या असं म्हणत नाही, येऊ नका असंही म्हणत नाही. रविवारी मला सुट्टी असते.

२० नोव्हेंबर

बाबा आणि आई,

हे पत्र दोघांना आहे. कृपया एकत्र बसून वाचा.

मी रविवारी जाऊन आलो. सकाळच्या बसने गेलो. धरणाच्या फाटकाशी उतरलं की उजव्या हाताला कामगारांची बैठी घरं आहेत, त्यांच्या टोकाला एका बाईंचं घर, आणि त्यांच्या मागच्या अंगणात तिची खोली. घरमालकीण कपडे वाळत घालत होत्या. मी तिचं विचारलं तर मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाल्या, "आपण कोण?"

मी म्हटलं, "तिचा नवरा."

त्यांच्या हातातली चादर परत बादलीत गेली. "नवरा? अहो, ती तर म्हणाली होती, घरी विचारणारं कोणी नाही. मी समजले..." पुढचं त्यांनी गिळलं. ती खोटं बोलली असं म्हणता येत नव्हतं. आवाज ऐकून ती दारात आली होती. तिनेही ऐकलं. तिचा चेहरा लाल झाला, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत, आणि तेच बरं झालं.

खोलीत एक खाट, एक टेबल, खिडकीत काचेच्या बाटल्या. तिने चहा दिला. चहा निवला. मी मनात माफीची भाषणं जुळवून गेलो होतो, ती तशीच राहिली. बाबा, मी तिच्याकडे बघत होतो आणि मला धक्का बसला तो याचा, की तिने चष्मा लावला होता. मी चष्मेवाला. मी विचारलं, "हा कधी?" म्हणाली, "गेल्या वर्षापासून हवा होता. इथे येऊन घेतला." नंबर मी विचारला नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

डावाचं सांगतो. माझी फौज दारूगोळ्याशिवाय त्या रिकाम्या गावात अडकली आहे, आणि तुम्ही वरच्या कड्यांवर आहात हे मला आता कळलंय. मोहीम तुमची. शिपाई कापडात गुंडाळून ठेवलेत. टेबलावर आता मी जेवतो. पुन्हा कधी खेळू, पण आई, तेव्हा फासे तुम्ही टाका, आणि कंटाळा आला की मध्येच थांबवा.

ती परत येणार नाही, निदान तीन वर्षं तरी. मी दुकान बंद करून तिकडे यावं असं ती म्हणाली नाही, मीही बोललो नाही. पुढच्या रविवारी येऊ का, असं विचारलं. "बघू," म्हणाली. "बघू" म्हणजे काय, ते मला खरंच माहीत नाही. तिच्या शब्दांचा अर्थ मी स्वतःच्या मनाने लावायचा नाही, एवढं ठरवलंय.

दुपार कलल्यावर मी विचारलं, "तू इथे दिवसभर करतेस काय?" तिला वाटलं, बोलायचं म्हणून विचारतोय. तुटक सांगितलं, नमुने घेते, तपासते. मी म्हटलं, "म्हणजे कसं?" मग ती उठली. खिडकीतली एक बाटली आणली, उजेडात धरली. पाणी स्वच्छ दिसतं तेव्हाच जास्त जपायचं असतं, म्हणाली. गेल्या महिन्यात खालच्या गावातली मुलं आजारी पडत होती, हिने सलग पाच ठिकाणचं पाणी तपासून फुटलेला नळ शोधून काढला. वरिष्ठांनी आधी ऐकलं नाही. ही त्यांच्या खोलीतून हलली नाही. हे सांगताना ती हात हलवत होती, हसत होती, मध्येच वरिष्ठांची नक्कल करत होती. लग्नाला तीन वर्षं झाली, बाबा, मी तिला नक्कल करताना कधी पाहिलं नव्हतं.

परतीची शेवटची बस दिवेलागणीला असते. बसने फाटकाशी भोंगा वाजवला. आम्ही दोघांनीही ऐकला. ती बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. बस चढ उतरून गेली तो आवाजही संपला.

मी म्हटलं, "मग वरिष्ठ काय म्हणाले?"

तुमचा,
जावई